हीटर कित्याक होयो?

रेडी-शिरोडा पट्ट्यात जुनी गाडी दुरुस्त होत नाही, सोलली जाते. कोळंबी सोलतात तशी. एखादा भाग कुरकुरला की तो काढायचा, उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडायची, क्लिप आवळायची, गाडी चालू करून दाखवायची आणि हात पुसत म्हणायचं, "घ्या काका, झाला काम." मालकही खूष. पैसे कमी लागले, गाडी त्याच दिवशी मिळाली, आणि वर मेस्त्री हुशार निघाला. कंपनीच्या इंजिनिअरांना जे कळलं नाही ते आपल्या नाक्यावरच्या पोराला कळलं, याचा एक वेगळाच आनंद आपल्याला होतो. हा आनंद मला मान्य नाही. काढून टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे मी गेली पंचवीस वर्षं गॅरेजच्या बाकावर बसून सांगतो आहे आणि गेली पंचवीस वर्षं लोक माझ्याकडे बघून हसतायत.

गाडीतल्या पाण्याच्या वाटेवर हा सोलण्याचा धंदा सगळ्यात जास्त चालतो. रेडिएटर, त्याचं झाकण, पंखा, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि हीटर असा तो एकच संसार आहे. त्यातला रेडिएटर कोणी काढत नाही, कारण तो काढला तर गाडी पन्हळीसारखी गळेल. पंखा काढत नाहीत, पण त्याची वायर थेट बॅटरीला जोडून बटन डॅशबोर्डवर आणतात. झाकणाचं रबर गेलं की चिंधी बांधून देतात. थर्मोस्टॅट आणि हीटर यांचा मात्र सरळ बळी जातो.

थर्मोस्टॅट म्हणजे काय, ते आधी सांगतो. शहरातल्या वाचकांनाही ते ठाऊक असेलच असं नाही. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचं ते छोटं दार. त्याच्या पोटात मेणाची डबी असते. इंजिन गार असतं तेव्हा दार बंद. पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर गरम होतं. पाणी साधारण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर पोचलं की मेण वितळून फुगतं, दार ढकलतं आणि पाणी रेडिएटरकडे सुटतं. ना वायर, ना बॅटरी. मेण वितळतं आणि दार उघडतं, इतकंच. कोणी शोधून काढलं असेल त्याला माझा नमस्कार.

हे दार म्हातारं झालं की कधी बंदच राहून जातं, मग गाडी तापते. मेस्त्री ते काढून फेकतो, गाडी तापायची थांबते. "थर्मोस्टॅट काढून टाकलंय, आता गाडी तापाची नाय." बरोबर आहे, त्या दिवशी तापत नाही. घराचं दार पावसात फुगून अडकतं म्हणून बिजागऱ्यांसकट काढून मांगरात टाकलं तर ते पुन्हा अडकणार नाही, हेही बरोबर आहे. कुत्री-मांजरं घरात शिरतील, तो पुढचा प्रश्न.

पुढचा प्रश्न असा. दार नसलं की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कधीच पुरतं गरम होत नाही. जुलैतला पाऊस, समोरून पाण्याचे सपकारे आणि गाडी घरापासून शिरोड्याच्या बाजारापर्यंत जाऊन परत. अशा गाडीतल्या ऑईलच्या टोपणाच्या आतल्या बाजूला बघा, सायीसारखा पांढरट चिकटा दिसेल. आत जमलेली वाफ उडून जाण्याइतकं इंजिन तापलेलंच नसतं. पेट्रोल जास्त खाल्लं जातं, थोडं ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं, आतले भाग झिजतात. काही इंजिनांत तर याहून गंमत असते. तिथे हे दार उघडताना दुसरी छोटी वाट बंद करतं. दारच नसलं की ती छोटी वाट कायम उघडी, आणि बरंचसं पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता परत इंजिनात. म्हणजे तापू नये म्हणून काढलं, आणि घाटात त्याच कारणाने तापलं.

मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये अनेक वर्षं काढली. रेडीच्या लोहखनिजावर या गावाच्या दोन पिढ्या जगल्या, त्यातलाच मी एक. तिथे डंपरचा थर्मोस्टॅट काढून गाडी चालवायची कोणाची छाती नव्हती. संशय आला तर तो पाण्यात सोडून तापवून बघायचा. उघडला तर परत बसवायचा, नाही उघडला तर नवा. ती सवय मला लागली ती लागलीच. माझ्या 1997 सालच्या मारुती 800 चा थर्मोस्टॅट मी दर दोन-तीन वर्षांनी घरच्या टोपात तपासतो. दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळता ठेवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर धरायचा. अंगावर आकडा कोरलेला असतो, 82 असेल तर त्याच्या आसपास दार उघडायला लागलं पाहिजे आणि गार होताना मिटलं पाहिजे. बायकोने पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्या टोपात परत चाय करशात तर याद राखा." तेव्हापासून त्या कामाचा टोप वेगळा आहे. पंधरा मिनिटांची ही परीक्षा घेतलेलं एकही गॅरेज मी या पट्ट्यात पाहिलं नाही.

आता गाडी तापते ती मुळात का, ते बघू. आमच्या गावात त्याला तीन कारणं आहेत आणि तिन्ही गावचीच आहेत. पहिलं, लाल धूळ. खनिजाचे ट्रक बंदराकडे धावत होते त्या काळात इथली झाडं, कौलं, वाळत घातलेले कपडे, सगळं एका रंगाचं होतं. त्या ट्रकांनी गावाला पुष्कळ काही दिलं. आमचा द्विभुज गणपतीसुद्धा 1976 साली एका ट्रक ड्रायव्हरला झालेल्या दृष्टान्तामुळेच जमिनीतून वर आला, असं मानतात. धूळही त्यांनीच दिली. ती रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये बसते, पावसात भिजते, इंजिनाच्या गरमीने भाजते आणि तिची वीट होते. हवा जायला फट राहत नाही. दुसरं, खारा वारा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला तेरेखोलची खाडी आणि शेजारी शिरोडा. 1930 चा मिठाचा सत्याग्रह ज्या शिरोड्याला झाला तिथल्या हवेत लोखंड किती दिवस टिकणार? रेडिएटरचे पत्रे बोट लावलं की कुरडईसारखे चुरतात.

तिसरं कारण मात्र आपण आपल्या हाताने ओततो. विहिरीचं पाणी. आमच्या जांभ्याच्या जमिनीतल्या कित्येक विहिरींच्या पाण्यात लोह असतं, बादलीत रात्रभर ठेवलं तर तळाला तांबूस थर दिसतो. समुद्राजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. हे पाणी प्यायला आपण नाक मुरडतो आणि गाडीला पाजतो. वर म्हणायचं, "कूलंट म्हणजे कंपनीचो धंदो." धंदा असेलही. पण कूलंटमध्ये गंज धरू न देणारी औषधं असतात, आणि योग्य प्रमाणात मिसळलं तर ते नुसत्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. ते परवडत नसेल तर निदान बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी कूलंटमध्ये मिसळा. कळशीने विहिरीचं पाणी ओतणारा माणूस पाच वर्षांनी गाडीला शिव्या घालतो, तेव्हा मला गाडीची दया येते.

यावर खरी दुरुस्ती आहे आणि ती करणारे हातही होते. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर खाली उतरवायचा, वरच्या टाकीचा डाक तापवून सोडवायचा, आतल्या चपट्या नळ्यांतून एकेक करून पातळ पट्टी फिरवायची, साचलेला गाळ बाहेर काढायचा, टाकी परत डाक देऊन बसवायची आणि सगळा रेडिएटर पाण्यात बुडवून हवा भरून बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. कल्हईवाल्याच्या जातीचं हे काम. तशीच कथील ओळखणारी नजर, तसाच आगीवरचा ताबा. कल्हईवाले गावात यायचे बंद झाले तसे हे रेडिएटरवालेही कमी होत चालले. नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे आणि टाक्या प्लास्टिकच्या; त्यांना डाक लागत नाही, फुटले की बहुतेक वेळा बदलावेच लागतात. ते बदला, माझी तक्रार नाही. पण जुन्याचं जे होऊ शकतं तेही न करता आपण काय करतो? हळद टाकतो.

हळदीबद्दल बोललंच पाहिजे. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद आत टाकायची, ती भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. ही युक्ती मी नाकारत नाही. आंबोली घाटात रात्री दहा वाजता मीही टाकीन. बोट कापलं तर आपण हळद दाबतोच. पण बोटाचं हाड मोडलं असताना वर्षभर हळद दाबून फिरणाऱ्याला काय म्हणाल? ती हळद भोकातच बसते असं तिला कोणी बजावलेलं नसतं. ती बारीक नळ्यांत बसते, आणि सगळ्या पाण्याच्या वाटेवर सर्वांत बारीक नळ्या असतात त्या हीटरच्या.

आणि इथे आपण मूळ भांडणाशी आलो.

हीटर म्हणजे डॅशबोर्डखाली लपलेला छोटा रेडिएटर. इंजिनातलं गरम पाणी दोन नळ्यांनी त्यात येतं आणि परत जातं. मागून पंखा हवा फेकतो, हवा गरम होते, पायावर किंवा काचेवर येते. फुकटची ऊब, जी नाहीतरी वाऱ्यावर जाणारच होती. हा छोटा रेडिएटर कधीतरी गळतो, शेजारी बसणाऱ्याच्या पायावर गरम थेंब पडतात. मग मेस्त्री बोनेट उघडतो, हीटरला जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढतो, एका तुकड्याने एकमेकांना जोडतो आणि हीटर संसारातून बाद. विचारलं तर ठरलेलं उत्तर: "काका, हीटर कित्याक होयो तुमका? आपल्याकडे खंय थंडी पडता?"

हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता ते म्हणीच्या कोशात जायला हरकत नाही. जोडीला दुसरं शहाणपणही असतं: ही गाडी जपानी डोक्यातून आलेली, तिथे बर्फ पडतो म्हणून त्यांनी हीटर दिला. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली आणि 2014 च्या सुरुवातीला बंद झाली. तीस वर्षं ती या देशात तयार होत होती. तीस वर्षांत कोणालाच कळलं नाही की इथे बर्फ पडत नाही?

हीटर थंडीसाठी नाही हो. हीटर पावसासाठी आहे. बाहेर मुसळधार, काच पावसाने गार झालेली, आत चार माणसं भिजून बसलेली, सगळ्यांचे श्वास, ओल्या छत्र्या, ओले कपडे. गार काचेला ही दमट हवा लागली की तिचं दव होतं आणि काच दुधाळ होते. वायपर बाहेरून फिरतो, दव आतून बसतं. त्यावर आपल्याकडचे उपाय म्हणजे तंबाखू चोळणं, बटाटा कापून चोळणं, आणि शेजारच्याच्या हातात पंचा देऊन त्याला सतत काच पुसायला लावणं. हीटरची गरम हवा काचेवर सोडली तर थोड्याच वेळात खालून वर काच निवळत जाते. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. ज्या जिल्ह्यात हा घाट आहे त्या जिल्ह्यात हीटर लागत नाही म्हणणारा माणूस एकतर पावसात गाडी चालवत नाही किंवा देवाच्या भरवशावर चालवतो.

काही वर्षांपूर्वी जुलैत शेजारच्या काकीच्या छातीत दुखायला लागलं. रात्री अकराची वेळ. आमच्याकडून मोठ्या आजाराला धाव घ्यायची ती बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजात. तिच्या मुलाची गाडी होती, मी मागे काकीला धरून बसलो. आरोंद्याच्या पुलावरून पलीकडे गेलो आणि पेडण्याच्या अलीकडेच समोरची काच गेली. हीटर अर्थातच "कित्याक होयो" म्हणून कधीच तोडलेला. मुलगा एका हाताने स्टीअरिंग धरून दुसऱ्या हाताने काच पुसतोय, समोरून ट्रकचे दिवे आले की सगळी काच पिवळी भिंत होतेय. शेवटी दोन्ही बाजूच्या काचा खाली केल्या. दव गेलं, पाऊस आत आला. काकी भिजायला लागली. "माका थंडी वाजता रे," एवढंच म्हणायची. छातीत दुखणारी सत्तरीची बाई भिजत होती आणि त्याच वेळी दोन फुटांवर त्या इंजिनाची सगळी ऊब रस्त्यावर उधळली जात होती. म्हापशापर्यंत तीनदा गाडी बाजूला घेतली. काकी वाचली, अजून आहे, मला रोज पेज खाल्लीस काय म्हणून विचारते. पण त्या रात्री वाटेत गेलेली वीस-पंचवीस मिनिटं मी विसरलेलो नाही. ती मिनिटं एका वीतभर नळीच्या तुकड्याने खाल्ली.

आणि नुसता हीटर शाबूत असूनही भागत नाही, हे त्या गाडीनेच मला पुढे दाखवलं. माझ्या मागे लागण्याने मुलाने हीटर परत जोडून घेतला, नवा कोअर टाकला. पुढच्या पावसात तो म्हणाला, "काका, हवा गरमच येत नाय." येणार कशी? थर्मोस्टॅट आधीच काढलेला, पाणीच कोमट. एक भाग काढला की दुसऱ्याचं कामही बुडतं.

हीटरचा आणखी एक उपयोग सांगतो, तो ऐकून लोक मला वेड्यात काढतात. मे महिन्यात दाणोलीहून घाट चढताना गाडीचा काटा लाल खुणेकडे सरकायला लागला तर एसी असेल तर बंद करा, हीटर पूर्ण सोडा, पंखा मोठा करा, खिडक्या उघडा. घाम फुटेल, पण हीटर हा दुसरा रेडिएटर आहे, इंजिनाची गरमी तो तुमच्या अंगावर घेतो आणि काटा थोडा खाली येतो. तोवर थांबायला जागा सापडते. थांबल्यावर मात्र झाकणाला हात लावू नका. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही, बरं झाकण असेल तर 115-120 अंशांपर्यंत. ते उघडलंत की दाब जातो आणि सगळं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर झऱ्याचं गार पाणी ओतणारेही मी पाहिलेत. हेडला तडा गेला की तेच मग सांगतात, "गाडयेचा नशीबच वायट."

लोक म्हणतात, आता एसी आहे, हीटरचं काय घेऊन बसलात? एसी हवेतला दमटपणा काढतो, खरं आहे. पण आमच्या कोकणातल्या पावसात नुसता एसी जोरात लावलात तर काच इतकी गार होते की दव बाहेरच्या बाजूने धरतं. एसीने हवा कोरडी करून ती हीटरने थोडी गरम करायची, असा तो जोडीचा मामला आहे. दुसरे म्हणतात, जुनी गाडी ठेवताच कशाला? 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेलं, सरकारच सांगतंय मोडीत काढा. भरले मी पाच हजार. पण फी वाढवून गाडी सुरक्षित होत नाही. पासिंगच्या वेळी माझ्या गाडीचा हॉर्न वाजवून बघितला, दिवे लावून बघितले. कोकणात गाडी पास करताना काच निवळते का, हे बघायला काय लागतं? दहा मिनिटं आणि एक श्वास.

मेस्त्रीलाच सगळा दोष देणं मात्र अन्याय होईल. त्याच्या जागी बसून बघा. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "चलता मां? मगे झाला." थर्मोस्टॅट काही शे रुपयांचा, तो आज सावंतवाडीत मिळाला नाही तर दोन दिवस थांबायची तयारी कोणाची नाही. हीटरचा कोअर बदलायचा तर अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्या मजुरीचे पैसे मागितले की लोक म्हणतात लुबाडतो. नळी जोडून दिली की तोच हुशार. आपण त्याला सोलायलाच पैसे देतो. जोडण्याचे पैसे देताना आपला हात आखडतो. पण म्हणून त्याने न विचारता काढावं, हे मी ऐकणार नाही. माझं मागणं छोटं आहे. काढलेला भाग मालकाच्या हातात द्या आणि बिलावर लिहा: "हीटर काढला", "थर्मोस्टॅट काढला". दोन शब्द. उद्या ती गाडी दुसऱ्याने विकत घेतली तर त्याला कळेल की आपण काय घेतलंय. आमच्याकडे जुन्या गाड्या गोव्यातून येतात, मुंबईहून येतात, तीन-तीन हात बदलतात, आणि घेणारा टायर बघतो, सीट बघतो, डॅशबोर्डवरचा गणपती बघतो.

मृगाच्या आधीच्या आठवड्यात एवढं करा. सकाळी गार इंजिन चालू करा, बोनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या नळीवर मधून मधून जपून हात ठेवा. बराच वेळ ती गार राहून मग एकदम तापली तर थर्मोस्टॅट आहे आणि जिवंत आहे. हळूहळू पहिल्यापासूनच कोमट होत गेली तर तो नाही, किंवा उघडा अडकलाय. मग आत बसा, हीटरची दांडी लाल बाजूला, हवा काचेकडे, पंखा मोठा. काचेजवळ हाताला गरम वारा लागला पाहिजे. नाही लागला तर गॅरेजला जा आणि काम होईपर्यंत तिथून हलू नका. मेस्त्री "हीटर कित्याक होयो?" म्हणाला तर वाद घालू नका. पाऊस लागला की एका संध्याकाळी त्याला आणि त्याच्या तीन पोरांना भिजलेल्या कपड्यांनी गाडीत बसवा, काचा बंद करा, आणि गाडी त्यालाच चालवायला द्या, रेडीहून शिरोड्याच्या नाक्यापर्यंत.